उभं लाकूड

डॉक्टर म्हणाले, गुडघे नवे आहेत,
आता जमिनीवर बसायचं नाही.
शैलाने विचारलं, मग भाजी कशी चिरू?
डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

विळी ओट्याखाली गेली, सिलिंडरच्या मागे,
पातं भिंतीकडे करून.
वाशीहून प्लास्टिकची पाटी आणली, पांढरी.
आठवड्यात बिटाने गुलाबी झाली,
महिन्याभरात ओल्या हळदीने पिवळी,
आणि सुरी पडली की असा आवाज
जसं वरच्या मजल्यावर कुणी खिळा ठोकतंय.
"हिच्यावर कोथिंबीरसुद्धा घाबरते," ती म्हणाली.

मी एकतीस वर्षं लेथवर काढली, ठाणे-बेलापूर रोडला.
लोखंडाशी बोलता येत होतं, तेवढंच.
लाकडाशी ओळख झाली रिटायर झाल्यावर,
रबाळ्याला, भाच्याच्या गाळ्यात,
त्याची पोरं जेवायला गेली की.

चौकट मिळाली तुर्भ्याच्या भंगारात.
पाडलेल्या कुठल्याशा बिल्डिंगची, कुणाच्या तरी दाराची,
सागाची. वर ऑइलपेंटचे तीन थर:
आधी चॉकलेटी, मग पिस्ता,
मग कुणाचं तरी मन बदलून क्रीम.
लोहचुंबक फिरवून खिळे काढले, सतरा.
अठरावा करवतीला सापडला.

पट्ट्या कापल्या, चिकटवल्या,
शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवल्या.
सकाळी तोच गुळगुळीत फळा
पुन्हा आडवा कापायला घेतला
तेव्हा हेरंब धावत आला,
मामा, झालाय की! मोडताय कशाला?
प्रत्येक कांब उचलून कुशीवर वळवली,
माथा वर,
एक सोडून एक उलटी.
आता वरून रेषा दिसत नव्हत्या,
दिसत होती टोकं.
बारीक, बारीक, मोजायला बसलो तर पेन्शन संपेल इतकी.
यांच्यावर सुरी आदळत नाही, मधून शिरते,
गवतातून माणूस गेल्यासारखी,
आणि मागे गवत मिटतं.

तेल कुठलं लावायचं?
खोबरेल खवट होतं, शेंगदाण्याचं चिकटतं.
केमिस्टकडे गेलो. लिक्विड पॅराफिन, तीन बाटल्या.
त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं.
काका, इतकं कडक असेल तर दाखवून घ्या कुणाला.
म्हटलं, मला नको, लाकडाला पाजायचंय.
तेव्हा तो जास्तच काळजीत पडला.

पहिली बाटली दुपारच्या आत संपली.
दुसरी चहापर्यंत.
उचलून बघतो तर खालच्या पेपरवर
तेलाचे ओले चौकोन.
वरून ओतलेलं तळाला पोचलं होतं.
झाड कधीच पडलं,
त्याचं दार झालं, दार उघडलं, मिटलं, पाडलं,
नळ्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

साडेपाच किलोचा तो ठोकळा ओट्यावर ठेवला.
शैलाने तळवा फिरवला, एका चौकोनावर थांबली.
"हा काळा कोण?"
अठरावा खिळा, मी म्हटलं. गंजाचा डाग आहे, बदलतो.
"राहू दे. घरात एक असावा."

पण चिरणं जमेना.
विळीवर पातं बसून असतं, भाजी चालत येते.
इथे भाजी बसते, चालायचं सुरीने.
बेचाळीस वर्षं दुधी स्वतःकडे ओढलेला हात
सुरीवर रागवायचा.
पहिल्या दिवशी तिने सुरीच उभी धरली, धार समोर,
आणि गवारीची शेंग तिच्यावर नेली.
मी काही बोललो नाही. लेथवर नवीन पोरगा असला
की पहिला आठवडा बोलायचं नसतं.

आता होतं.
सकाळी बाहेरच्या खोलीत ऐकू येतं,
अनवाणी कुणी घरातून फिरतंय असं.
कांदा असेल तर जरा भरभर.

नारळ मात्र बोर्डावर खवता येत नाही.
शनिवारी सिलिंडर सरकवून विळी निघते,
तिच्या पाटावर एक पाय दुमडून मी बसतो,
ती ओट्याला टेकून उभी, वरून नजर.
"करवंटीपर्यंत जाऊ नका, काळं येतंय."

मी वाटी फिरवतो.
"अहो, काळं येतंय."