काकडीचा वास

नाक मुरडू नका.
बावीस वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी,
माझ्याही घशाखाली काळा पाव उतरला नव्हता.
आता वास येतो तो बातमीसारखा:
आज शनिवार, गावाने आंघोळी केल्या.
आज कुणाकडे लग्न झालं,
बिटाचं सूप उरलं, ओतून दिलं.

नेमुनासच्या काठी, पुलाच्या खालच्या अंगाला
आमचं केंद्र. झाडांआड. मुद्दाम.
साखळी ओढली की विषय संपला
असं शहराला वाटतं.

आधी जाळी, मोठ्या कंगव्यासारखी.
चिंध्या, बाहुलीचा हात,
एकदा दातांची कवळी.
म्हातारा ती न्यायला आला,
नळाखाली धरली आणि बसवली तोंडात तिथल्या तिथे.
मी आकाशाकडे पाहिलं.

मग वाळू बसते, चरबी तरंगते,
आणि मग मोठा हौद, जिथे माझी माणसं राहतात.
माणसं म्हणजे जीवाणू. डोळ्यांना न दिसणारी.
त्यांना पगार नको, हवा हवी,
लिटरमागे दोन मिलिग्रॅम.
शहराने टाकलेलं खातात,
पुढच्या हौदात एकमेकांना बिलगून तळाशी बसतात
आणि वर पाणी उरतं.
याला चमत्कार म्हणू नका,
चमत्काराला रात्रपाळी नसते.

त्या फेब्रुवारीत बाहेर उणे अठरा होतं.
तीन वाजता पडद्यावरचा आकडा
दोनावरून एक, एकावरून अर्धा,
आणि हवेत आंबट काहीतरी.
मी एक थेंब काचेखाली धरला.
देठावर उभे असणारे ते घंटेसारखे जीव,
एरवी तोंड उघडं, काठावरचे केस सतत हलते.
सगळे मिटलेले.
एकही घंटा वाजत नव्हती.

चीजच्या कारखान्यात फोन लावला.
झिगमास म्हणाला, "यादविगा, झडप चिकटली होती गं.
निवळी गेली. थोडीशीच."
थोडीशी म्हणजे किती?
"तीन टाक्या."

तौतविदास पोरसवदा, त्याचा हात
नदीकडच्या दाराच्या चाकावर.
"सोडून देऊ या? वर बर्फ आहे, कुणाला दिसणार?
आणि नदी मोठी आहे, पचवेल."

नदी मोठी आहे.
हे माझ्या बापानेही म्हटलं होतं,
कागदाच्या गिरणीच्या फोरमननेही,
मी शाळेत जाताना पुलाखाली
कमरेएवढा फेस उभा असायचा तेव्हा.
प्रत्येकाने टाकलेलं थोडंसंच होतं.

मी म्हटलं, चाक सोड.
आम्ही पाणी पावसाच्या हौदात वळवलं,
तो रिकामा होता, देवाची कृपा म्हणा नाहीतर थंडीची.
सगळे पंखे पूर्ण जोरावर.
मग बसून राहिलो. करण्यासारखं काही नसतं तेव्हा
बसणं हेच काम असतं.
त्याने चहा केला, साखर विसरला.
पहाटे सहाला पाव मिलिग्रॅम वर. आठला अर्धा.
पुढे नऊ दिवस ती निवळी
हौदातून घोटाघोटाने पाजली,
तापातून उठलेल्याला पेज पाजावी तशी.
चौथ्या दिवशी काचेखाली
एक घंटा उघडी दिसली. एकच.
तौतविदासने ती मला दोनदा दाखवली.

झिगमास फाटकाशी चीजचं चाक ठेवून गेला.
घेऊ नये असं नियमात आहे.
चीज बरं होतं.

मार्चमध्ये समुद्रावरून स्टिंटा वर आले,
बोटाएवढे, रुपेरी, आणि पुलावर
काकड्या चिरल्यासारखा वास सुटला.
हो, या माशाला काकडीचा वास येतो,
खोटं वाटेल, येऊन पाहा.
बाजारात रांग. माझ्या पुढची बाई
माझ्या जाकिटाकडे वळली, मग नाकाला रुमाल लावला.
मी काही बोलले नाही.
अर्धा किलो घेतले, कागदात गुंडाळलेले,
आणि पाळीला उशीर होत होता तरी
पुलाच्या मधोमध थांबून
कागदात नाक खुपसलं.