बांधबंदिस्ती

विलेमस्टॅडच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर विंकलारबाई पडद्यावर पेन टेकवतात:
ही धमनी. ही शीर. आणि मध्ये...
मध्ये काहीच नाही.
माझ्या मुलीच्या डोक्यात, उजव्या कानाच्या वर,
चिंचोक्याएवढा एक गुंता.

मंगळवारी गणिताच्या तासाला
शुरायनी फळ्यापाशी उभी होती, हातात खडू,
आणि पडली.
शिक्षिका म्हणाल्या, डोळे उघडे होते.

रुथमिला विचारत राहते:
सातव्या महिन्यात मी जिन्यावरून घसरले होते, त्यामुळे?
रिफायनरीच्या धुराखाली राहत होतो, त्यामुळे?
तिसऱ्या वर्षी झोपाळ्यावरून पडली, एवढं टेंगूळ आलं होतं...
तिच्या आईनं तर शेजारणीचं नावही घेऊन झालं,
जिची नजर वाईट.
डॉक्टर प्रत्येकाला नाही म्हणतात,
न चिडता,
जणू प्रत्येक प्रश्न पहिलाच.

मला रक्तातलं कळत नाही. पाण्यातलं कळतं.
बेटाच्या पश्चिमेला मी जुने मातीचे बांध दुरुस्त करतो.
वर्षभर ऊन, नोव्हेंबरात मोजून चार दिवस पाऊस,
आणि टेकडीपासून समुद्र इतका जवळ
की पाणी वाटेत कुणाला ओळख देत नाही.
म्हणून आडवे बांध, मागे टाकी.
पाण्यानं जरा बसावं, जिरावं,
विहिरीला काही द्यावं,
मग खुशाल जावं खाऱ्यात.

मी विचारलं, त्या केसाहून बारीक वाहिन्या, तेच बांध का?
त्या थांबल्या. हो, म्हणाल्या.
हिच्या त्या जागी ते पडलेच नाहीत.
लोंढा सरळ शिरेत उतरतो,
आणि शिरेची भिंत लोंढ्यासाठी नसते,
परतीच्या संथ पाण्यापुरती असते.

मग का नाही पडले?

इथं त्यांनी दोन्ही तळवे उताणे केले.
बहुतेकांचं आम्हाला माहीत नाही.
काहींच्या त्या गुंत्यातल्याच पेशींत एक अक्षर चुकलेलं सापडतं,
फक्त तिथं, बाकी अंगात नाही,
आईबापांकडून न आलेलं.
आणि काही घराण्यांत...
तुमच्या घरात कुणाचा घोळणा फुटायचा?

बाबा.
प्रत्येक खिशात रुमाल, गडद तपकिरी, मुद्दाम.
गोदीतून यायचे तेव्हा एक तरी ताठ झालेला असायचा.
ऊन लागतं, म्हणायचे.
दोरीवर सहा-सहा रुमाल वाळायचे आणि आम्ही पोरं
त्यांच्याखालून डोकं वाकवून पळायचो.
एका रविवारी डॉमिनो खेळताना
त्यांनी कपाळ टेबलावर ठेवलं.
हातातली सोंगटी आम्ही नंतर सोडवली.
दाखल्यावर लिहिलं होतं: झटका.

डॉक्टरांनी टॉर्च काढला.
मुलीकडे नाही, माझ्याकडे वळल्या.
तोंड उघडा.
ओठाच्या आत, जिभेच्या कडेला, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके.
ओठावरच्या एकाला तर मी वीस वर्षं
वस्तऱ्याचा समजत होतो.

मुलाकडे जाईल की नाही, म्हणाल्या, निम्मं-निम्मं.
गिल्डर उडवावा तसं.
आणि हा गिल्डर तुम्ही उडवला नाही.
मी मान हलवली.
रुथमिलानं माझा हात धरला.
मंगळवारनंतर पहिल्यांदा तिनं काही विचारलं नाही.
तिचे खांदे खाली आले, ते मी पाहिलं.
मी पाहिलं हे तिनं पाहिलं.
राग नाही आला मला. तिच्या जागी
माझेही आले असते.

रात्री अकराला रॉटरडॅमला फोन लावला,
तिकडे पहाटेचे चार.
एड्सेल घाबरूनच बोलला, कोण गेलं?
कुणी नाही, म्हटलं. तुझ्या मुली कशा आहेत?
या वेळेला?
त्यांच्या नाकातून रक्त येतं का?

पलीकडे पलंग करकरला. दिव्याचं बटण.
धाकटीच्या येतं, म्हणाला,
हिवाळ्यात. हीटरमुळे.