गिलाव्याचं काम

घोडबंदर रस्त्यावरून खाडीकडे उतरलं
की तीन टॉवरांच्या मागे
कचऱ्याच्या गाडीइतकी जागा अडवून उभं आहे ते.
पाटीवर चॅपल लिहिलंय. रुझायमावशी म्हणते, कुरसाचं घर.

मला बोलावलं गिलाव्यासाठी.
वरचा ऑइलपेंट खरवडला, मोरपंखी,
खाली गुलाबी, कुणाच्या तरी लग्नातला,
त्याखाली नीळ घातलेला चुना,
मग शिंपल्यांचा. त्यात एक अख्खी तिसरी, मिटलेली.
भाजायची राहून गेली असणार.

साल विचारलं तर मावशी सांगते,
"माझ्या आजीच्या आजीचा बाप्तिस्मा इथलाच.
त्याआधीचं ज्याला ठाऊक तो पाद्री तापानं मेला,
पश्चिमेच्या भिंतीत आहे."
तिथं आवाज खरंच पोकळ येतो.
हातोडी मी हळू मारली.

छप्पर तीनदा बसलं. एकदा कुठल्याशा फौजेनं घंटा नेली,
मग इनास नाखवा शंख फुंकायचा मिस्साला,
त्याच्या नातवानं रुळाचा तुकडा टांगला.
अजून तोच वाजतो.

उंबरा झिजून परातीसारखा झालेला.
बदलायचा म्हणून पहार घातली, चौघांनी जोर लावला,
दगड उलटला
आणि आमचा पोऱ्या हसायलाच लागला.
वर चंद्र, सूर्य. मध्ये अक्षरं.
तळाशी गाढव,
गाढवाखाली बाई.

म्युझियमची पोरगी आली. ओला कागद दाबला,
वाचता वाचता कानापर्यंत लाल झाली.
कुण्या राजानं कुणाला तरी ही जमीन दिली होती,
ती जो हिरावेल त्याच्या आईला...
पुढचं तिनं ओठातच ठेवलं.

फादर म्हणाले, दारात हे बरं दिसेल का?
बिल्डरचा माणूस म्हणाला, काचेत ठेवू, आम्ही खर्च करतो.
मावशी उंबऱ्याच्या खड्ड्यात उभी, अनवाणी.
"म्हणून," ती म्हणाली, "म्हणून कुणी घेतली नाही.
आम्हाला वाटायचं मावलीची कृपा."
जरा थांबली.
"असेल, दोघींची."

दोन लोटे पाणी ओतलं तिनं त्या बाईवर,
खुरांमधली माती बोटानं काढली.
तोंड कुठल्या बाजूला, मी विचारलं.
"उभा कर. रस्त्याकडं."

मजुरी दिली, वर सुक्या बोंबलांची जुडी.
तिसरी मी खिशात घालून घरी आणली.
बायको म्हणते, उघड.
बघू.