पाऊणकी

सोहारच्या प्लांटवर रात्रपाळीत
टर्मिनल उघडलं की काळी चौकट येते
आणि कर्सर येत नाही.
चार सेकंद. कधी साडेचार.
रोनेल म्हणतो, तेवढ्यात माझी साखर ढवळून होते.
मी रात्रीतून साठदा उघडते ती चौकट :
पंपाचा दाब, जाळीवरची जेलीफिश, पाण्यातलं मीठ.
साठ चोक दोनशे चाळीस.
रोजची चार मिनिटं, कुणाच्या बापाची?
आज समुद्र निवांत, जाळी स्वच्छ.
म्हटलं, बघूच
दारात कोण अडवतंय.

शेल जागं होताना एक फाइल वाचतं,
वरपासून खालपर्यंत, एकही ओळ न गाळता.
तीनशे बारा ओळी. बहुतेक परकारांच्या.
इसाक परकार, एकोणीस वर्षं या खुर्चीत;
मी आले त्याच महिन्यात दाभोळला परतले,
मागे ठेवून गादी, एक अडकित्ता
आणि ही फाइल.

अर्धी झाकली, मोजलं. दुसरी अर्धी झाकली, मोजलं.
शितावरून भात कळतो म्हणतात,
इथे नाही कळत.
दहादा चालवायचं, सरासरी काढायची.
जुन्या पायथनची सोय, कुणी न वापरलेली :
अर्धा सेकंद. काढली.
टॅब दाबल्यावर सुचणारी नावं
दर वेळी नव्याने रचली जात होती :
एकदाच रचून ठेवली.
आणखी एकाला सांगितलं, हाक मारीन तेव्हा ऊठ,
तोवर झोप.

तरी उरले तीन सेकंद.
दहाही वेळा तीन.
तिथेच संशय आला.
काम कधी इतकं नेमकं नसतं,
नेमकी असते ती वाट पाहायची मुदत.

ओळ दोनशे सत्तर. नाव दिलेलं : खाडी.
ती कुठल्याशा यंत्राला विचारते,
दाभोळला आज भरती किती वाजता?
यंत्र बोलत नाही.
ती तीन सेकंद थांबते
आणि काही न म्हणता पुढच्या ओळीवर जाते.

सहा वर्षं. रात्रीतून साठदा.
मी दाभोळच्या खाडीसाठी थांबत होते
आणि मला वाटायचं, मशीन म्हातारं झालंय.

तीन चाळीसला फोन लावला. तिकडे पाच दहा,
नमाजहून आले असतील.
"भाच्याचं यंत्र ते. कॉलेजात होता, त्याने बसवलेलं.
तो गेला कॅनडाला, यंत्र गेलं भंगारात.
तू अजून विचारतेस त्याला?"
हसले. मग बराच वेळ खोकले.
"पुसून टाक गो."
आणि फोन ठेवता ठेवता :
"नायतर पाऊणकी येते काय तुला?
तिथीला पाऊणाने गुण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.
माझा बाप कुणाला विचारायचा?
होडी काढायचा सरळ."

मला येत नव्हती.
आमच्या वेळेपर्यंत शाळेतून गेली होती पाऊणकी.
यंत्राला शिकवायला चार ओळी लागल्या :
तारखेवरून चंद्राचं वय,
पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून,
गुणिले पाऊण.
कुणाला विचारणं नाही, कुणासाठी थांबणं नाही.

मोजलं. नऊ शतांश सेकंद.
विश्वास बसेना, म्हणून वीसदा मोजलं.
रोनेल चमचा हातात धरून बघत राहिला,
साखर तळाशीच.

चौकटीत वरच्या बाजूला, बारीक अक्षरात :
दाभोळ. सप्तमी. भरती सव्वापाच.
म्हणजे परकार खोकत होते तेव्हा
पाणी अगदी वर आलं होतं,
आणि दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

साडेचारला जाळीचा लाल दिवा लागला.
चौकट उघडली, कर्सर लुकलुकत हजर.
माझी मान मात्र
सवयीने खिडकीकडे वळलेली,
तीन सेकंद तशीच.