बहात्तर खण

उदगीरला चौबाऱ्याच्या मागं
डॉक्टर नुसरतचा युनानी दवाखाना.
सागवानी कपाट, बहात्तर खण,
वर तिच्या अब्बांच्या हातची उर्दू.
नवा कंपाउंडर माणिक, देवणीचा.
त्याला ती अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग.
म्हणून मला निरोप आला :
पेंटर, मराठीत रंगवून द्या,
खणामागं अकरा रुपये.

मी ट्रकच्या पाठी रंगवल्यात, शाळांच्या भिंती,
एकाच निवडणुकीत समोरासमोरचे दोन उमेदवार.
लिहितोय त्याचा अर्थ काय
हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.
ही सांगायची.
रोग्याची नाडी धरून, माझ्याकडं न बघता.

"बलगम."
म्हटलं, हा वळखीचा, रोज पहाटं पडतो.
"यूनानात त्या शब्दात आग होती. फ्लेग्मा, पेटणं.
आगीचं नाव गार चिकट कफाला कसं चिकटलं
ते त्यांचं त्यांनाच ठावं."
मी 'ब'चं पोट
उगीच जरा तांबडं केलं.

उस्तुखुद्दूस खणात मावेना.
नावात बेटं आहेत म्हणाली, रांगेत उभी,
त्यांच्यावरचं हे जांभळं फूल.
मी समुद्र पाह्यलेला नाही.
अक्षरं अरुंद केली,
एकेक बेट दाबून बसवलं.

अफ्तीमून म्हणजे आपली अमरवेल.
एपि : वर. थिमोन : तिकडचं एक झुडूप.
झुडपावर चढून बसलेली ती.
इथं ती बोरीवर चढते, बाभळीवर चढते,
नावात मात्र तेच झुडूप घेऊन फिरते
जे तिनं सात पिढ्यांत बघितलं नाही.

तिर्याकात जनावर आहे, थेरिऑन.
ज्यानं डसावं त्याच्याच नावाचा उतारा.
तो खण रिकामा निघाला.
"तरी लिहा," म्हणाली.

मग मालीखोलिया.
काळं पित्त, एवढंच बोलली.
बाहेर टमटम थांबली, निघून गेली.
"अब्बांना शेवटी तेच होतं.
स्वतःचीच नाडी बघत बसायचे."
मी काळा रंग पुन्हा ढवळला,
तो आधीच ढवळलेला होता.

जेवणाच्या सुट्टीत तिनं अब्बांचा बोरू दाखवला.
कलम. कलामोस, पाणथळीचं पोकळ गवत.
माझा बाप तेरला आंब्याची कलमं बांधायचा,
तिरपा काप, केळीच्या सोपटाचा दोर.
सही यायची नाही त्याला,
अंगठ्याला चीक लागलेला असायचा,
कागदावर उठायचा तो चीकच.
त्याच्या हातात आयुष्यभर कलम होती
हे मला बावन्नाव्या वर्षी
दुसऱ्याच्या डब्यातली खिचडी खाताना कळलं.

शेवटून तिसरा खण पिंपळीचा.
ही आमची, मी म्हटलं.
"तुमचीच. इथून गेली.
त्यांना पिप्पली म्हणता येईना, पेपेरी म्हणाले.
तुमच्या तेरवरूनही बैलं जायची की माल घेऊन."
तेरच्या पांढरीत लहानपणी खापरं सापडायची,
आम्ही ती पाण्यावर भाकऱ्या काढायला वापरली.
एखादं तिकडचं असेल.
तेरणेच्या तळाशी असेल.

सगळे मिळून सातशे ब्याण्णव झाले. आठशे दिले.
"दाम," ती म्हणाली, "हाही तिकडचाच.
द्राख्मे. मूठभर."
मी मूठ मिटली.

रात्री अंथरुणात उठून बसलो.
अमरवेलीच्या खणावर
म आणि न यांची अदलाबदल झाली होती.
अफ्तीनूम.

सकाळी रॉकेलचं फडकं घेऊन गेलो.
दारात गर्दी. माणिक शिडीवर.
"अफ्तीनूम किती तोळे, डॉक्टरीणबाई?"
आणि बाकावरची हंडरगुळीची म्हातारी
शेजारणीला समजावत होती,
"अफ्तीनूम बरं का, चांगलं ऱ्हातंय."
नुसरतनं माझ्याकडं पाह्यलं,
खणाकडं पाह्यलं,
पुन्हा नाडी धरली.

फडकं खिशात कोंबून मी परत फिरलो.
विजारीला दिवसभर वास येत होता.