आठ दशांश सेकंद

मुसफ्फ्याच्या चौकातले दिवे मीच उतरवले,
ऑगस्टातल्या एका रात्री, दोन ते चार.
घाम हातमोज्यात साचत होता,
खाली क्रेनवाला पेंगत होता,
वर मी आणि चार तोंडांचा तो खांब.

आता गाड्या आपसांत ठरवतात.
तीनशे मीटरवरून एकेक गाडी चौकाला विचारते,
मी कधी येऊ, कुठून, किती वेळ?
चौक तिला डांबराचे दोन-चार चौकोन देतो
क्षणभराच्या भाड्याने.
कुणी थांबत नाही. हॉर्न नाही, शिवी नाही.
देवकुळे मॅडम पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
बघा, वेणी घातल्यासारखं जातंय सगळं.
खरंच. पेडावर पेड, एक केस तुटत नाही.

मुबीन हमदुले, हर्णैचा.
त्याची बस दुसऱ्या कंपनीची, डावीकडे वळणारी,
माझी सरळ जाणारी.
पहाटे पाच अकराला लाल दिव्याशी
चाळीस सेकंद, काचेला काच.
सहा वर्षं आम्ही असंच बोललो.
मुलगी झाली तेव्हा त्याने
कानांपासून खाली दोन वेण्या काढून दाखवल्या हवेत.
पगार अडकला की मूठ उघडायची, रिकामी.
आई गेली त्या दिवशी त्याने नुसतं वर पाहिलं
आणि दिवा हिरवा झाला.

फोन आहे की.
फोनवर आम्हाला बोलायला काही सापडत नाही.

लाल काच मी खोलीवर आणली.
सेल्वम तिने विरजण झाकतो.

माझी ड्युटी आता नोंदी तपासायची.
हजारो ओळी सरकवत मी पाच अकरापाशी येतो:
दोन्ही बसचे नंबर एकाखाली एक,
मध्ये आठ दशांश सेकंद.
तेवढ्यात चेहरा दिसत नाही.
खिडकी दिसते, खिडकीत फिकट काहीतरी,
मी तरी हात वर करतो.

गेल्या रविवारपासून खालच्या ओळीत
कुठल्याशा दूधगाडीचा नंबर आहे.
मॅडमना विचारलं.
त्या बसला दुसरा रस्ता दिलाय, म्हणाल्या,
आठवड्याला अकरा मिनिटं वाचतात त्यांची.

अकरा मिनिटं.
चहा थंड होईपर्यंत मी कागदावर भागाकार केला.
साडेसोळा लाल दिवे.