चूक, पुन्हा प्रयत्न करा

पीटरहेडच्या बंदरात पहाटे सहाला
याच्या आवाजाने बर्फ तडकतो, असं म्हणायचे लोक.
एकोणतीस वर्षं मासळीचे लिलाव पुकारले,
एकवार, दोनवार,
तिसऱ्याला खोक्यावर चिठ्ठी पडायचीच.
आता डॉड स्वयंपाकघरात बसतो,
उजवा हात मांडीवर,
दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.
समोर दवाखान्याने दिलेला टॅबलेट.

पडद्यावर कप येतो.
त्याला ठाऊक आहे कप.
कान तुटलेला त्याचा कप शेजारीच वाफाळतोय.
"क," म्हणतो. "क... का... कात्री."
लाल फुली.
चूक. पुन्हा प्रयत्न करा.
यंत्रातल्या बाईचा सूर
चाळीसदा सांगूनही चढत नाही.
माझा चढतो.
तिसऱ्या सेकंदाला मी "कप!" म्हणून मोकळी होते
आणि त्याचे डोळे खिडकीबाहेर निघून जातात.
मॉर्व्हेन, ती थेरपीवाली पोरगी, म्हणाली होती,
एल्स्पेथ, दहापर्यंत मोजा, मनातल्या मनात.
दहा हा आकडा केवढा लांबलचक असतो
ते मला साठी उलटल्यावर कळलं.

आकडे येतात त्याला. एकदा सुरू झाले
की उतारावरच्या पिंपासारखे, वीस, पंचवीस, तीस,
थांबवता येत नाहीत.
वार येतात. शिव्या येतात, त्या तर अगदी स्वच्छ.
माझं नाव येत नाही.

अकराव्या आठवड्यात पडद्यावर मासा आला.
कुणीतरी खुर्चीत बसून काढलेला, निळा, हसरा,
कल्ल्यामागे उगाच एक काळा ठिपका.
मी मोजू लागले. चार. पाच.
डॉडने मान तिरकी केली,
खोक्यावर वाकताना करायचा तशी.
सात. आठ.
"हॅडॉक," तो म्हणाला.
अख्खा. शेपटीसकट.

लाल फुली.
चूक. हा मासा आहे.

मी टेबलावर असा हात आपटला की चहा सांडला.
"अगं बये, हॅडॉक काय झाडावर लागतं?"
आणि डॉड हसला,
फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा,
चेहऱ्याच्या एकाच बाजूने,
पण ती बाजू पुरली.

गुरुवारी मॉर्व्हेनने आमची चित्रं आत घातली:
कान तुटलेला कप, शेजारचं म्हातारं कुत्रं,
बाजाराचं जुनं फाटक,
आणि लाल स्वेटरमधली मी.

काल रात्री मी आले पडद्यावर.
ही कोण?
मी मोजत होते. नऊ. दहा.
दहाच्या पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं,
म्हणून मोजत राहिले.
छपरावर सीगलची पावलं वाजत होती.
डॉडने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा पडद्याकडे,
माल निरखावा तसं.
सतरा. अठरा.
"हॅडॉक," तो म्हणाला,
ठाम, भाव पक्का झाल्यासारखा.

फुली उमटायच्या आत
मी पुढे वाकले
आणि हिरव्या खुणेवर बोट ठेवलं.